दर दाराशी थांबणारा शामराव

शामराव गेला, हे त्याच्या मुलाने एका सकाळी फोनवर सांगितलं. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. मी ‘बरं’ म्हणालो आणि तसाच बसून राहिलो. रडू आलं नाही, अंगातलं बळच गेलं. महिना उलटला, तरी ते परत आलेलं नाही…

तिरोड्याहून सुटणाऱ्या एसटीवर मी ड्रायव्हर, तो कंडक्टर. निवृत्तीनंतर संध्याकाळी आम्ही गावातून फिरायला निघायचो आणि माझं डोकं फिरायचं. हा गडी दर चार घरांमागे थांबायचा. कुणाच्या धानाची चौकशी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण! “काऊन बे, ड्युटी संपली ना? अजून पॅसेंजर घेऊन राहिला काय?” मी खेकसायचो. तो हसायचा. माणसांचा एवढा लोभी दुसरा पाहिला नाही, असंच मला वाटायचं.

एकदा राइस मिलच्या लांबलचक भिंतीपाशी तो थांबला. तिथे ना दार, ना माणूस. विजेचा खांब धरून, तोंड वाकडं करून उभा. “पोटरी धरते बे. थांबलो का सुटते.” किती वर्षं लपवलं होतं, कोण जाणे. मी चिडलो, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “कोणाले सांगू नोको. पाय कापतीन.”

पाय कापला नाही. नागपूरला जांघेतून बारीक नळी घातली, मांडीतल्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवून वाट मोकळी केली. टाका नाही, काही नाही. हा जागाच, सगळं पडद्यावर पाहत होता. घरी आल्यावर मिलची अख्खी भिंत न थांबता चालला आणि पोरासारखा हसला. पण मग दारादारांतून विचारणा सुरू झाली, “कंडक्टरसाहेब, रागावले काय?” झालं! पठ्ठ्या पुन्हा थांबायला लागला, आता हौसेने.

बिडी मात्र सुटली नाही. वाहिनी पुन्हा आवळली. पुन्हा नागपूर, तपासण्या, गोळ्या, भांडणं. दर खेपेला सोबत मीच. “थकलो बे तुझ्यापायी,” मी एकदा म्हणालो. “मंग बस ना घडीभर,” म्हणाला आणि मुकाट्याने बिडी विझवली. मला तो वाचायला हवा होता आणि, खरं सांगतो, मला सुटकाही हवी होती.

परवा एकटाच निघालो. पहिल्याच दारातून म्हातारीने हाक मारली, “ये भाऊ, बस.” माझे पाय धड आहेत. पोटरी दुखत नाही, दम लागत नाही. तरी बसलो. तिने शामरावचं नावही काढलं नाही, धानाचंच बोलत राहिली… अंधार पडला, तरी मला उठवेना.