व्हय म्हाराजा

समुद्र गावे गिळतोय, त्यावर बोलायला परदेशी पाहुणे आमच्या वाडीत आले. सोबत पुण्याचा दुभाष्या होता. बोलण्याआधी देवळासमोर गाऱ्हाणे झाले. गावचा मानकरी, गावकर, देवाला साकडे घालत होता आणि आम्ही प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणत होतो.

मग त्यांच्यातल्या एका पाहुणीने काही विचारले. दुभाष्या म्हणाला, "वाडी सोडून आत, कट्टा गावाकडे राहायला जाल का?"

माझा दीर त्याच सुरात ओरडला, "व्हय म्हाराजा!" पाहुणी खूश होऊन लिहू लागली.

लाटांच्या वाटेत पहिले घर माझेच. मी म्हटले, "मेल्या, माझा घर कित्याक देतस?"

"गो वयनी, तोंडात इला ता बोललंय," म्हणून तो हसला.

गाऱ्हाण्यासाठी आणलेला नारळ माझ्या हातात होता, तो मी त्याच्या कपाळावर फोडला. तो रक्ताने न्हाऊन खाली बसला. त्याचा मुलगा माझ्या मुलावर धावला. दोघांनी खुर्च्या मोडल्या, एकमेकांचे दात पाडले.

दुभाष्या म्हणाला, "आजी, यांना काय सांगू?"

"नाय म्हणान सांग."

पाहुणीने लिहिलेले खोडले. दिराला सात टाके पडले. तो अजून माझ्याशी बोलत नाही. राहतो मात्र शेजारीच, त्याच घरात.