सावडीला न दिलेला माणूस

"आत्या, त्याच्या हातातली मूट काढून घ्या आदी! त्यो आपल्या सावडीतला न्हाई."

"मंग बांधावर हुबा राहून काय बगळं मोजील व्हय? एवढा धिप्पाड गडी!"

"मोजू द्या. पर भात लावायचं न्हाई म्हंजी न्हाई."

टाकव्याच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभी राहून सविता सासूशी, झुंबरबाईशी, भांडत होती. आणि भाताच्या रोपाची मूठ हातात धरून बराका दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता.

बराका केनियाचा. गुलाबाच्या पॉलिहाऊसांसाठी कंपनीनं त्याला नोकरीच्या व्हिसावर आणलेला. त्याचा व्हिसा, नोंदणी, राहायचा पत्ता, सगळं कंपनीच्या कचेरीत सविताकडं. तो कान्हे गावातली खोली सोडून टाकव्यात आला, तर त्याची गादी पोचायच्या आधी हिनं पत्ता बदलल्याचं सरकारला कळवून टाकलेलं. अशी बाई. तिचं एकच म्हणणं : ज्या कंपनीनं आणला, तिच्याबाहेर त्यानं काडी उचलायची नाही.

आमच्याकडं हे पचायला जड. मावळात भातलावणी म्हणजे सावड. आज समदी माणसं माझ्या खाचरात, उद्या तीच तुमच्या. औत उसनं, पंप उसना, तसा माणूसही उसना. बरं, बराकालाही हौस. त्याच्या आईच्या गावाला भात होतो म्हणे. जेवायला बोलावलेला गडी, रोपं दिसताच पँट दुमडून आत उतरला.

सविता चिखल तुडवत गेली, मूठ हिसकावली आणि लांब भिरकावली.

झुंबरबाई कडाडली, "आपण त्याला पैका देतोय का? मंग ते काम कसं?"

"पैका न्हाई, पर हात फेडावा लागतो ना, आत्या? फेडायचं ते कामच. आन् माज्याच घरच्या शेतात राबला तर काय म्हणतील? कचेरीतल्या बाईनं परदेशी गडी घरी जुपला!"

"कागदं खाऊन वाढलीस का गं तू?"

खाचर हसलं. बराका मुकाट बांधावर गेला आणि भाकरी-सुकटीवर तुटून पडला.

असाच नकार तिनं आधी एकाला दिला होता. शेजारचा पॉलिहाऊसवाला आलेला, "दोन दिस धाडा की त्याला, माझ्या गुलाबावर रोग पडलाय." ही म्हणाली, "फवारणीचा पंप न्या, माणूस मिळायचा न्हाई." तो फणकारून गेला.

पुढं बराकाच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज गेला, आणि चौकशीला पुण्याहून दोन साहेबच कंपनीच्या कचेरीत येऊन धडकले. टेबलावर फोटो टाकला. बराका चिखलात, हातात रोपाची मूठ, मागं सविताचं घर. सोबत तक्रार : कंपनीची बाई परदेशी माणसाला घरच्या शेतात राबवते. तक्रार कुणाची ते टाकव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण नाव घेऊन मी माझं तोंड कशाला विटाळू?

कंपनीच्या मालकानं फोटो उलटसुलट करून बघितला. खरं ठरलं तर बराकाला घरचं विमान धरावं लागणार आणि सविताला घरची चूल.

"फोटो खरा हाय, साहेब," सविता म्हणाली. "मूट त्यानं उचलली. पर लावू दिली न्हाई म्या."

"हे कशावरून मानायचं?"

साक्षीला आणणार कुणाला? खाचरात होती ती सगळी घरची, नाहीतर सावडीतली.

एवढ्यात सुनेनं विसरलेला डबा घेऊन झुंबरबाई दारात. तिनं फोटो बघितला, प्रश्न ऐकला आणि भडकली.

"लावू दिली कुटं हिनं? हे बगा!"

कमरेचा मोबाईल बाहेर आला. सविताच्या धाकट्या दिरानं, विक्कीनं, त्या दिवशीचं अख्खं भांडण मोबाईलवर घेतलेलं. झुंबरबाईनं ते शिरगावच्या लेकीला आणि झाडून साऱ्या भावकीला धाडलं होतं, मला कसली सून मिळाली बघा म्हणून. फिरत फिरत ते शेजाऱ्याकडंही गेलं, आणि त्यानं त्यातनं सोयीचा तेवढा फोटो कापला. न बघितलेली एकटी सविताच.

साहेबांनी बघितलं. बराका उतरला, सविता धावली, मूठ उडाली. "कागदं खाऊन वाढलीस का गं तू?" ऐकून थोरले साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. धाकट्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

"बाई, तुम्ही सासूचंही ऐकत नाही?"

"घरात ऐकते, साहेब. व्हिसात न्हाई."

चौकशी तिथंच मिटली. मुदतवाढ आली त्या दिवशी मालकानं पेढे वाटले, बराकानं झुंबरबाईचे पाय धरले, आणि म्हातारी आळीभर सांगत सुटली, "माज्या शिव्यांनी व्हिसा झाला!" शेजारचा पॉलिहाऊसवाला हल्ली सविताचं घर टाळून मळ्याकडनं वळसा घालून जातो.

पेढा तोंडात असतानाच झुंबरबाईनं डाव टाकला. "सविता, आता तरी फुडल्या लावणीला गडी दे."

"न्हाई, आत्या. जेवायला बोलवा."

बाहेर फुलांची गाडी लागली होती. सवितानं हात पुसले, हजेरीचा कागद उचलला आणि बायकांना हाक मारत पॅकिंगच्या शेडकडं निघाली.