खंडेनवमीचा नंबर

भूम तालुक्यातल्या आमच्या शाळेत चार कॉम्प्युटर आले, तेव्हा पोरं नाचली आणि मी घाबरले, कारण ते सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी जुन्या साडीच्या खोळी शिवल्या, चपला दाराबाहेर काढायचा नियम केला, की-बोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि हजेरीच्या क्रमानं नंबरांची यादी भिंतीवर लावली. शिस्तीच्या बाबतीत माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

यादीत शेवटी पाचवीतली एक मुलगी होती. धनगराची पोर. घरचे मेंढरांमागे हिंडायचे म्हणून तिचं नाव शाळेत उशिरा घातलेलं, त्यामुळे हजेरीतही ती शेवटची. दोनदा तिचा नंबर आला आणि दोन्ही वेळा लाईट गेली. बाकीची पोरं ग्राउंडवर पळाली. ही मात्र तास संपेपर्यंत काळ्या पडद्यासमोर बसून कुठलं अक्षर कुठं आहे ते बोटांनी पाठ करत राहिली. मला तिचं कौतुक वाटलं, पण नियम मोडून तिला पुढं घ्यावं असं काही सुचलं नाही.

तिसऱ्यांदा तिचा नंबर नेमका खंडेनवमीला आला. त्या दिवशी आमच्याकडं घरोघर विळे, कुऱ्हाडी, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. मीही चारी कॉम्प्युटरना हळदकुंकू वाहून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. झकास दिसत होते.

ती दारात येऊन उभी राहिली. "बाई, आज माझा नंबर हाय."

"आज पूजा मांडलीय. दसऱ्यानंतर बघू."

"दसऱ्यानंतर आमी न्हाय इथं."

"मग परत आल्यावर बस! कॉम्प्युटर काय पळून चाललेत?" मी खेकसलेच.

ती हलली नाही. तेवढ्यात तिचे आजोबा तिला न्यायला आले. उद्या सोनं वाटून झालं की मेंढरं घेऊन सगळं घर चाऱ्याच्या शोधात निघणार होतं, ते थेट आखाडात परतणार. नातीचा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. मी पूजेचं कारण सांगितलं. त्यांनी आधी कॉम्प्युटरना हात जोडले.

"बरूबर हाय तुमचं, बाई. आमी बी आज कातर पुजली. आज लोकर कापनार न्हाय. पर मेंढरू काट्यात अडकलं तर म्या पुजलेली कातर उचलतोच. देव तेवढ्यानं कोपत न्हाय. आन् कोपलाच, तर माझ्या माथी."

गेली कित्येक वर्षं मी पोरांना शिकवते आहे आणि या माणसानं दोन वाक्यांत मला पुन्हा बाकावर बसवलं. मी गुपचूप एका कॉम्प्युटरची माळ उतरवली आणि बटण दाबलं. नशिबानं लाईट होती.

आजोबा चपला काढून आत आले आणि भिंतीला टेकून बसले. "हूं दे निवांत," म्हणाले. नात एकेक अक्षर शोधून दाबत होती. एखादं अक्षर पडद्यावर उमटलं की मागं वळून आजोबांकडं बघायची आणि ते मान डोलवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. मी मुद्दामच लांब थांबले. खोलीत झेंडूचा वास होता, घाई कुणालाच नव्हती आणि मला फार बरं वाटत होतं.

अर्ध्या तासानं तिनं बोलावलं. "बाई, बघा."

पडद्यावर लिहिलं होतं: 'मी मेंढरांबरोबर जात आहे. माझा नंबर शेवटी ठेवा, पण ठेवा.'

आजोबा विचारायला लागले, "काय लिवलंय हो पोरीनं?" मी त्यांना वाचून दाखवलं. मग तिच्यादेखत भिंतीवरची यादी उतरवली आणि नवी लिहायला घेतली, तिच्यापासून.