घाबरू नका, सावकाश या

माझा आवाज चांगला आहे, असं सगळेच म्हणतात. महाडच्या ज्या खासगी दवाखान्यात मी काउंटरवर बसते, तिथली नोकरीही मला या आवाजावरच मिळाली. पेशंटच्या घरी निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांची मुलं मुंबईला, आणि ती कामावर असताना फोन उचलत नाहीत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप ठेवायचा. तो कसा ठेवावा हे शिकवायला पुण्याहून एक बाई दोन दिवस येऊन गेल्या होत्या. आधी आपण कुठून बोलतोय ते, मग काम, मग समोरच्यानं काय करायचं ते. आजाराचा तपशील सांगायचा नाही, तो डॉक्टर समोरासमोर सांगतील. आणि शेवटी धीराचं एक वाक्य. मी हे इतकं मन लावून शिकले की दुसऱ्या कुणाचा निरोप कानावर पडला की मनातल्या मनात त्याला मार्क द्यायचे. शेफारले होते, दुसरं काय.

मागच्या वर्षी, पाऊस सरत आला होता तेव्हा, पोलादपूरच्या पलीकडच्या एका डोंगरातल्या वाडीवरून सकाळी सकाळी एका म्हातारीला आणलं. हार्ट अटॅक. सोबत तिची जाऊ, तीही सत्तरीची, मोबाईल नसलेली. जीपवाला दोघींना उतरवून आपल्या भाड्याला निघून गेला. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या. संध्याकाळपर्यंत काढतील. पुढचं सांगता येत नाही."

मुलगा एकच. मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी. त्याचा नंबर जावेच्या पिशवीत, वहीच्या चिठोऱ्यावर लिहिलेला होता. तीनदा लावला, उचलला नाही. मग मी निरोप ठेवला.

"नमस्कार. मी महाडच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या आईंना आज सकाळी इथे आणलंय. त्यांची तब्येत जरा बरी नाही. तुम्ही लगेच निघा. घाबरू नका, सावकाश या."

साडेनऊला त्या निरोपापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या. ऐकला. मी वर जाऊन म्हातारीला सांगितलं, "निघाला हो तुमचा मुलगा." ती शुद्धीवर होती. हसलीसुद्धा.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा वर गेले तेव्हा तिचं एकच. "आला का गो?" मी अंदाजानं गावं सांगत गेले. आता पेणला असेल. आता माणगाव सोडलं असेल. प्रत्येक गावाला ती मान हलवायची, रस्ता पाठ असल्यासारखी. तीन वाजले तेव्हा तो पोचायलाच हवा होता. फोन लावला तर बंद. चारलाही बंद. मला राग यायला लागला, आणि तो त्या मुलाचा. आई इथं अशी पडलीय आणि साहेबांचा फोन बंद, असं मी नर्सपाशी बोललेसुद्धा. ते शब्द आठवले की आजही जीभ चावावीशी वाटते.

सव्वापाचला पोलादपूरवरून फोन आला. बोलणारा त्या मुलाचा चुलतभाऊ होता. वाडीवर रेंज नाही म्हणून मोटरसायकलवरून खाली आलेला.

"मॅडम, बॉडी कधी सोडताय? इकडं समदी तयारी झाली हाय. मुंबईवरनं पोरगा बी आलाय, मानसं खोळंबलीत."

"कुणाची बॉडी?"

त्यानं म्हातारीचं नाव सांगितलं.

"अहो, त्या जिवंत आहेत! सकाळपासून मुलाची वाट बघतायत."

पलीकडून "आं?" एवढंच आलं, आणि फोन कट झाला.

आमच्याकडे मेल्याची बातमी फोनवर कुणी सरळ देत नाही. जरा बरं नाही, निघून ये, एवढंच म्हणायचं. त्यावर घाबरू नको, सावकाश ये, असं म्हटलं की उरलीसुरली शंकाही संपली. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि तो उलटा फोन करून विचारत नाही, कारण ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं नसतं. माझे वडील गेले तेव्हा काकांनी मला हॉस्टेलवर असाच फोन केला होता. जरा बरं नाही म्हणाले, आणि मी एसटीत बसल्यापासून घरापर्यंत रडत आले होते. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला वाटलं, ते घरचं बोलणं. दवाखान्याचं बोलणं वेगळं.

मला नंतर कळलं ते असं: मुलानं माझा निरोप ऐकला आणि कँटीनमध्येच बसकण मारली. मग मामाला, मावशीला गोळा केलं, गाडी ठरवली, आणि सगळी अकराला निघाली. फोन घेऊन घेऊन जीव नकोसा झाला म्हणून त्यानं मोबाईल बंद करून टाकला. वाडीतली माणसं आईला एव्हाना घरी घेऊन गेली असतील, हे त्यानं धरूनच चाललं होतं. साडेतीनच्या सुमाराला त्यांची गाडी हायवेनं महाडवरून सरळ पुढे गेली. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या तिच्या खाटेवरून हायवे दिसतो.

फोन ठेवला आणि मी धावत वर गेले. "आला हो, पोलादपूरला पोचलाय, आता येतोच."

तिनं डोळे उघडले. "पोलादपूरला? म्हंजे पुडं का गेला?"

"वळण चुकलं असेल," असं काहीतरी मी पुटपुटले. ती माझ्याकडे बघत राहिली. साडेसहाला ती गेली. तो पावणेसातला जिना चढून आला.

नंतर तो काउंटरशी आला. तो ओरडेल, तक्रार करेल, निदान टेबलावर हात आपटेल म्हणून मी तयार होऊन बसले होते. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि माझाच निरोप मला ऐकवला. स्वच्छ, गोड आवाज. एकही शब्द चुकलेला नाही.

"तुमी नीटच बोललाव मॅडम," तो म्हणाला. "मीच जास्ती समजलो."

त्यानं मुस्कटात दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्यानं विचारलं, "माज्यासाटी काय बोलली का ती?"

"सकाळीच म्हणाल्या होत्या," मी सांगितलं. "त्याला म्हणावं, जेवून निघ."

तो तिथंच, काउंटरला डोकं टेकून, मोठ्यानं रडला.

एवढं खरं मी त्याला सांगितलं. उरलेलं सांगितलं नाही. निरोप मी आधी तिच्या खाटेशीच उभी राहून बोलायला घेतला होता. मी बोलत असतानाच तिनं माझा हात खाली ओढला आणि मोबाईलला तोंड लावून खणखणीत म्हणाली, "जेवून निघ रं बाबा, उपाशी येव नको." निरोपात मध्येच दुसरा आवाज शिरला म्हणून मी वैतागले. तो पुसून टाकला, बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून नीट बोलले.