ऊटा आयता?

किल्लारीच्या कमलम्माचा रविकिरण नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि आठ वर्षं एका रिसीव्हरच्या मागे लागला होता. चार अँटेना एकाच वेळी चार वेगळे संदेश भरधाव सोडतात, हवेत त्यांची खिचडी होते, आणि त्या खिचडीतून डाळ-तांदूळ पुन्हा वेगळे काढायचे, हे रिसीव्हरचं काम. त्यासाठी पाठवणारा आधी ठरलेले, दोन्हीकडे माहीत असलेले शब्द पाठवतो. ते किती वेडेवाकडे पोचले, त्यावरून वाटेत काय झालं ते ओळखायचं. हे ऐकून कमलम्मा म्हणाली होती, "मंग ह्याला आठ वर्सं लागले व्हय? मी तर रोज तेच करून राहिले."

खोटं नव्हतं ते. रोज दुपारी एकला तिचा फोन यायचा, आणि पहिले दोन शब्द ठरलेले, तिच्या माहेरच्या कानडीतले : "ऊटा आयता?" जेवण झालं का? डबा उघडता उघडता तो "हाव" म्हणायचा. त्या एका 'हाव'वरून तिला त्याची सर्दी कळायची, बायकोशी झालेलं भांडणही कळायचं.

मार्चमधल्या एका मंगळवारी ते दोन शब्दच वाकडे आले. 'ऊटा' लांबला आणि 'आयता' जिभेवरच विरघळला. दुसऱ्या कुणाला नाही, पण या माणसाला तरी कळायला हवं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्याच्या प्रबंधात पहिल्याच पानावर गृहीत धरलं होतं, की पाठवणारा नीटच पाठवतो, बिघाड होतो तो वाटेत.

"आई, रेंज न्हाई. गच्चीवर जाऊन बोल," तो म्हणाला.

लेकाचं ऐकून ती बिचारी जिना चढली. मध्येच फोन कटला. त्याला तास होता, तो वर्गात गेला.

साडेपाचला शेजारची गुरम्मा आपल्या गच्चीवरच्या मिरच्या गोळा करायला चढली, तेव्हा तिला कमलम्मा पडलेली दिसली. लातूरच्या दवाखान्यात पोचेस्तोवर सात वाजले. नांदेडहून रविकिरण आला तेव्हा डॉक्टर विचारत होते, बोलणं केव्हापासून अडखळलं?

"आमाला काय ठाव," गुरम्मा म्हणाली. "मी पाह्यलं तवा पडूनच व्हती."

रविकिरणला ठाऊक होतं. एक वाजून सात मिनिटं. फोनमध्ये नोंदच होती.

"साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. त्याला कुणीच बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

कमलम्माची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दहाव्या दिवशी ती पेज गिळू लागली, तेव्हा तो तिच्या उशाशी बसून सांगू लागला, "आई, तुझा आवाज वाकडा आलता. मी रेंजवर ढकललं. मीच तुला जिना चढाया लावलं."

मग तिनं डाव्या हाताची बोटं जुळवून घासासारखी ओठांशी नेली आणि त्याच्याकडे पाहिलं.

सकाळपासून त्याच्या पोटात कण नव्हता.

"हाव," तो म्हणाला. "जेवलो."

कमलम्मानं मान आडवी हलवली, आणि उरलेल्या पेजेची वाटी डाव्या हातानं त्याच्याकडे सरकवली.