बंडीवाल्याजवळ देल्लेला दंडा

नांदुरा-जळगाव रस्त्यावर मी एकदा भरली बस नुसता हात करून थांबवली. म्हंजे बस आधीच थांबेल होती, पुढं रोलर आडवा उभा होता.

तवा रस्त्याचं काम चालू होतं. अर्ध्या रस्त्यावर गिट्टी, अर्ध्यावरून गाड्या, त्याबी एका वेळी एकाच बाजूच्या. मधात वळन, म्हनून या टोकाचं त्या टोकाले दिसे नाही. मुकादमानं मले एक लाल दंडा देल्ला अन् सांगतलं, "तुह्या बाजूच्या शेवटच्या गाडीवाल्याजवळ हा दे. त्या टोकाच्या गड्याले दंडा भेटला का तो त्याच्या गाड्या सोडीन, अन् दंडा वापस धाडीन. दंडा हातात नाही, तं कोनाले सोडू नको."

शाळेचं तोंड मी पाह्यलं नाही, पन एवढं मले समजलं. निदान मले तसं वाटलं.

एक दिवस गाड्या सोडल्या. सगळ्यात मांगं एक बैलबंडी होती. बंडीवाल्याजवळ ऐटीत दंडा देल्ला. मंग आमच्या बिनरेल्वेच्या जळगावकडून बस आली. तिले थांबवलं. पन त्या टोकावरून काहीच येईना.

बसमधून एक बुढी उतरली. "काऊन रे बापू, काय झालं? मले नांदुऱ्याले रेल्वे धरा लागते. पोरगी अकोल्याले बाळंत होऊन राह्यली."

"दंडा आल्याबिगर बस जात नाही, आजी. कायदा हाय."

"मंग कुठी हाय दंडा?"

"येऊन राह्यला."

डायवर खाली वाकला. "कोनाजवळ देल्ला बे?"

"बंडीवाल्याजवळ."

"तो कुठी चालला होता?"

हे मी इचारलंच नव्हतं.

बुढीनं पदर खोचला न पायीच निघाली. मी मांगून ओरडलो, "आजी, दंड्याबिगर पायीबी जाता येत नाही!" तिनं वळूनबी पाह्यलं नाही.

आली ते दंडा घेऊनच. बंडीवाला वळनाच्या अलीकडंच आपल्या वावरात घुसला होता. बैल सोडून, बंडीले माह्या दंड्याचा टेकू लावून सावलीत झोपला होता. बुढीनं टेकू ओढला तवा त्याची झोप उघडली.

दंडा डायवरजवळ देऊन बस सोडली. सारी बस माह्याकडं पाहून हासली. मीबी हात हालवला.

काही दिवसानं तेच बुढी वापसीच्या बसमधी खिडकीजवळ दिसली.

"आजी, भेटली का रेल्वे?"

"भेटली. नात झाली."

"म्हंजे टायमावर पोचवलं ना आपन!" मी छाती फुगवली.

"रेल्वेच लेट होती रे, म्हनून भेटली. तुह्या भरोश्यावर राह्यली असती, तं नातीच्या लग्नाले पोचली असती."