रेझोल्यूटली

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी मी वाशीमला एका वकिलांकडे कारकून होतो. मॅट्रिक पास, आणि इंग्रजीची घमेंड तर विचारू नका. वकीलसाहेबांच्या जाड डिक्शनरीतून रोज एक शब्द पाठ करायचा आणि कुठे ना कुठे खपवायचा, हा माझा नाद. त्या आठवड्यात हाती लागला 'रेझोल्यूटली'. म्हणजे ठामपणे, निर्धाराने, मागे न हटता. मूळ लॅटिन. तिथे म्हणे त्याचा अर्थ सोडवणे, मोकळं करणे असा होता. शंका सुटल्या की माणूस ठाम होतो, अशी मी आपली संगती लावली आणि स्वतःवरच खूश झालो. उदाहरणं बहुतेक शिपायांची होती. शत्रू चालून आला तरी अमका रेझोल्यूटली उभा राहिला. आमच्या कचेरीत कोण शत्रू चालून येणार?

आली ती एक बाई, भावाबरोबर. कडेवर तापाने फणफणलेली पोर. ती माहेरी येऊन राहिली होती, आणि आसेगावच्या नवऱ्याने वकिलामार्फत नोटीस धाडली होती, की पंधरा दिवसांत नांदायला ये, नाहीतर मी दुसरं लग्न करतो. वकीलसाहेब कोर्टात निघाले होते. "काय म्हणते ते विचार आणि उत्तर तयार ठेव," एवढं मला सांगून गेले.

बाई खाली बघत म्हणाली, "आता नाई येत म्हणा. पोरीले ताप येऊन राह्यला. ताप उतरला का येईन. फक्त मारू नोको म्हणा त्याले."

मी इंग्रजीत लिहिलं, ती येण्यास 'रेझोल्यूटली' नकार देते. वाक्य काय झोकात उतरलं होतं! त्याच्यापुढे पोरीचा ताप, मग येणं, हे फारच लुळं वाटायला लागलं. मी ते गाळलं. मारू नको, हेही गाळलं. संध्याकाळी वकीलसाहेबांनी वाचून सही केली. "इंग्रजी सुधारलं हो तुझं," म्हणाले. दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

महिन्याभराने ती एकटीच आली. नवऱ्याने दुसरी केली होती.

"मी तं येईन म्हणलं होतं न, भाऊ. थे लिवलं नोतं काय?"

तिला वाचता येत नव्हतं. नक्कल माझ्याच कपाटात होती. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तिचं काही सावरलं असतं की नाही, कोण जाणे. मी म्हणालो, "लिहिलं होतं."

"मंग त्यायनंच वाचलं नसन," ती म्हणाली. पोर आता बरी आहे, हेही तिने आपणहून सांगितलं. उठताना पदरात बांधून आणलेली बोरं तिने माझ्या टेबलावर ठेवली, मी तिच्यासाठी लिहिलं म्हणून.

ती बोरं मी दुपारी बसून खाल्ली. त्या इंग्रजी वाक्यापेक्षा याची लाज मला जास्त वाटते.